मागच्या सीटवरच्या बाई

गाडीवर बसण्याआधी बाई अंगठ्यानं सीट दाबून बघायच्या. दाबायच्या, अंगठा उचलायच्या आणि खड्डा किती वेळ राहतो ते मान वाकडी करून पाहायच्या. दोन जिवांच्या बाईचा पाय सुजलाय का, हे त्या असंच दाबून बघत. नोकरीच ती होती त्यांची. खड्डा लवकर भरून आला नाही की सुजलेल्या पायाकडे पाहून करायच्या तोच चेहरा त्या माझ्या सीटकडे पाहून करायच्या.

"सुजली हा रे तुझी सीट," म्हणायच्या. "आणि ही ज्येणां केल्यान, त्येणां आपल्या आवशीक कधी मागे बसवल्यान काय?"

आवस म्हणजे आई. बाई सावंतवाडीकडच्या, म्हणून बोलणं मालवणी. रागावल्या की जास्तच मालवणी. आणि त्या रागावलेल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. लोक म्हणायचे, बाईंचा स्वभाव तापट. मीही म्हणायचो. आता वाटतं, त्या एकट्याच तापत होत्या आणि आम्ही बाकीचे सगळे थंड बसून होतो, त्याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं होतं.

त्या काळात मी पेडण्याच्या स्टँडवर पायलट होतो. मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं पोचवणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पुढचा मडगार्ड पिवळा रंगवायचा, परवाना काढायचा आणि स्टँडवर ओळीत उभं राहायचं. ज्याचा नंबर पहिला, त्यानं आलेलं गिऱ्हाईक न्यायचं. गिऱ्हाइकानं गाडी निवडायची नाही. देवळातला एखादा नियम आम्ही मोडला असेल, हा नियम कधी मोडला नाही. आम्ही बारा जण होतो.

बाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. दवाखान्यातल्या म्हणजे नावापुरत्या. महिन्यातले बरेच दिवस त्या हळर्ण आणि आसपासच्या वाड्यांवर फिरत असत. पोरांना लस टोचायची, दोन जिवांच्या बायकांना तपासायचं, बाळंतिणीला बघून यायचं. बस सकाळी एक, परतीची संध्याकाळी, आणि तीही वाड्यांवर जात नाही. मग पायलटशिवाय इलाज नव्हता. मांडीवर बर्फ भरलेली लसीची पेटी, खांद्याला पिशवी, अंगावर पांढरी साडी, आणि साडी म्हणून दोन्ही पाय एका बाजूला सोडून आडवं बसणं. तुम्ही कधी बसलात का असं, दहाबारा किलोमीटर, आमच्या त्या वेळच्या रस्त्यावर? पुरुष असाल तर बसला नसाल. मीही बसलो नव्हतो, आणि हीच तर सगळी गोष्ट आहे.

आठ महिन्यांपूर्वी मी नवी शंभर सीसीची गाडी घेतली होती. आईनं हळद-कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. कोणीच काढत नसे. प्लास्टिक आहे तोवर गाडी नवी, अशी आमची समजूत. उन्हात ते तव्यासारखं तापायचं, पावसात त्याच्याखाली पाणी साचायचं, पण काढायचं नाही म्हणजे नाही.

बाई माझ्या गाडीवर पहिल्यांदा बसल्या त्या दिवशी मी स्टँडवरून झोकात निघालो आणि पहिल्याच वळणावर त्या घसरल्या. पडल्या नाहीत. पेटी छातीशी धरून रस्त्यावर दोन पायांवर उभ्या राहिल्या, आणि मी एकटाच गाडी घेऊन वीसेक पावलं पुढं गेलो. स्टँडवरचे अकरा जण पोट धरून हसत होते. माझा नव्या गाडीचा सगळा तोरा तिथंच उतरला. परत येऊन मी उलट त्यांच्यावरच डाफरलो.

"बाई, घट्ट धरूक नाय?"

"काय्येन धरू? एका हातान पेटी धरलंय, एका हातान पदर. तिसरो हात सरकार देणा नाय."

एवढं बोलून त्यांनी पेटी खाली ठेवली, पिशवीतून बँडेज कापायची कातर काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या सीटवरचं प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. मी बघतच राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे आज कबूल करायला हरकत नाही. आठ महिने जपलेलं प्लास्टिक! बाईंनी त्याची घडी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणयेक बांध. चल आता, बर्फ वितळता."

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरून होतो. त्यांचा नंबर माझ्या गाडीला लागू नये म्हणून ओळीत मागं राहायला चहाच्या दुकानात वेळ काढायचो. तरी महिन्यातून दोनतीनदा त्या माझ्या वाट्याला येतच.

त्यांची कंबर गेली आहे हे मला दवाखान्यातल्या शिपायाकडून कळलं. मोठ्या डॉक्टरनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, एक तर दुचाकीवर बसणं बंद करा, नाही तर टेबलाचं काम मागून घ्या. बाई टेबल घ्यायला तयार नव्हत्या. त्यांनी टेबल घेतलं तर त्यांच्या पाच गावांत कोण फिरणार, याचं उत्तर डॉक्टरकडे नव्हतं आणि डॉक्टरच्या वरच्याकडेही नव्हतं. शेजारच्या भागातली जागा दोन वर्षं रिकामी होती, ती कोणी भरली नव्हती. म्हणजे बाई गाडीवर बसू शकल्या तर गावांना नर्स होती, नाही तर नव्हती. इतकं साधं होतं ते. आणि ते सगळं आमच्या सीटांवर अवलंबून आहे हे आम्हा बारा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला त्यांची दया आली. डूख होता तरी आली. मी म्हापशाला जाऊन कंपनीची सीट काढून टाकली आणि नवी करून घेतली. चार बोटं जाड फोम, वर लाल रेक्झीन, कडेनं पांढरी गोट. गाडी कशी पालखीसारखी दिसायला लागली. स्टँडवर सगळे हात लावून गेले. आमच्यातला सगळ्यात जुना पायलट, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो, तो म्हणाला, "आता बायक कदेल मेळ्ळें गाडयेर!" कदेल म्हणजे खुर्ची. मीही फुशारलो होतो.

बाई त्या खुर्चीवर बसून हळर्णला गेल्या आणि आल्या. उतरल्यावर दवाखान्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, एक हात कमरेवर. तोंडाचा रंग उतरलेला. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"बरी असा मगे सीट?" मीच विचारलं.

"झिला, तू बसलंस ह्या सीटीर?"

"बसलंय तर. करून घेतलंय तेव्हाच बसलंय."

"कसो बसलंस ता दाखव बघू."

मी ऐटीत टांग मारून बसलो, दोन पाय दोन बाजूंना. बाई माझ्याकडे असं काही बघायला लागल्या की मला कळेना आपलं काय चुकलं.

"येत्या आयतवारी स्टँडार येतलंय," म्हणाल्या. "तू थय रव."

रविवारी त्या खरंच आल्या. सुट्टीचा दिवस, अंगावर घरातली साडी, हातात लसीची रिकामी पेटी. त्यांनी चहावाल्याकडून दोरीवर वाळत टाकलेला पंचा मागून घेतला आणि माझ्या पँटवरून तो इतका घट्ट गुंडाळला की मला दोन्ही पाय एकत्रच हलवता येत होते. मग माझ्याच गाडीवर, माझ्याच लाल सीटवर, मला आडवं बसवलं. पेटीत पाण्याच्या बाटल्या भरून मांडीवर ठेवल्या. भाऊला म्हणाल्या, "हळर्णाक न्हेऊन आणा तेका. ज्या चालीन माका न्हेतत, त्याच चालीन."

बाकीचे दहा पायलट, चहावाला, बसची वाट बघणारी माणसं, सगळे टाळ्या पिटत होते. माझं तोंड लाजेनं लाल.

पहिला किलोमीटर मी हसत होतो. मग कळायला लागलं. फोम मऊ, म्हणून मी त्यात डावीकडं रुतत गेलो आणि सगळा भार एकाच कुल्ल्यावर आला. सीट चार बोटं उंच झालेली, त्यामुळं पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत तळवे पोचेनात, नुसते अंगठे टेकत होते. रेक्झीन गुळगुळीत. प्रत्येक खड्ड्याला मी बाहेरच्या अंगाला सरकायचो आणि प्रत्येक वेळी पाठीला पीळ देऊन स्वतःला आत ओढायचो. एका हातानं भाऊचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातानं पेटी. पंचा सुटायला लागला तर धरायला हात नव्हता. उतारावर भाऊनं ब्रेक मारला तेव्हा पाठीच्या कण्यातून अशी कळ गेली की मी त्याला आईवरून शिवी दिली. तो नुसता हसला.

परत आल्यावर मला सरळ उभं राहता येईना. तारुण्यातला धडधाकट गडी मी, सव्विसाव्या वर्षी कठड्याला टेकलो. बाई समोर उभ्या होत्या. वाटलं, आता टोमणा मारतील. त्या म्हणाल्या, "आता माझी कंबर पंचावन्नाची धर. आणि पोटात सातवो म्हयनो धर. हळर्णची एक बायल अशीच घसारली म्हणान तपासूक येवचीच बंद झाली. तिका काय सांगू मी? घट्ट धर म्हणान?"

मी तिथंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या गादीवाल्याकडं सीट घेऊन गेलो. म्हातारा उशा-गाद्या भरायचा. त्यानं फोम उपटून फेकून दिला. नारळाच्या काथ्याचे थर एकावर एक दाबून शिवले, बैठक सपाट आणि कंपनीच्या सीटपेक्षाही खाली. डावीकडची कड बोटभर उचललेली, म्हणजे आडवं बसणारं माणूस बाहेर सरकू नये. वर रेक्झीन घातलंच नाही, जाड कॅनव्हास घातलं. दिसायला ती सीट म्हणजे शाळेतला जुना बाक. बाईंनी अंगठा दाबला, तो आत गेलाच नाही. त्या बसल्या, हळर्णला गेल्या, आल्या, उतरल्या आणि चालत दवाखान्यात गेल्या. कठडा धरला नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र ते.

आता माझं पेडण्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पोरं येतात, विचारतात, "काका, कंपनीची सीट बदलून घेऊ? पैसे वसूल होतात?" मी विचारतो, मागं कोण बसतं? ती गोंधळतात. सीट बदलायची गोष्ट निघाली की जो तो स्वतःच्या बुडाचा विचार करतो. म्हातारा नसत्या चौकशा करतो म्हणून ती दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

पण खरी अडचण पुढंच होती. बारा गाड्या, त्यांतली एक सीट चांगली, आणि गिऱ्हाइकानं गाडी निवडायची नाही! बाई कधी येणार ते त्यांना माहीत, पण माझा नंबर तेव्हा असेलच असं नाही. मी सगळ्यांना विनवलं, बाई आल्या की नंबर सोडून माझी गाडी जाऊ दे. खळखळ करून का होईना, पोरं तयार झाली. तयार झाल्या नाहीत त्या बाई.

"आज तुमी माका सोडशात," त्या म्हणाल्या. "उद्या हळर्णसून दोन जिवांची बायल येतली. ती बापडी काय सांगतली, माका अमक्याचीच गाडी व्हयी म्हणान? सगळ्यांनी सीट बदला."

स्टँडवर एकच गलका झाला. भाऊ म्हणाला, "बाई, गाडयेचो धनी मुखार बसता. फाटल्यान बसता तो पॅसेंजर." म्हणजे हक्क पुढं बसणाऱ्याचा, मागच्याचा नाही. पुरुष गिऱ्हाइकांना ती उचललेली कड मांडीला लागते, अशीही तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

ते दिवस कसे होते ते सांगायला हवं. राजभाषेचा वाद पेटला होता. भिंती घोषणांनी रंगल्या होत्या. आमच्या स्टँडवर सहा मराठीवाले, सहा कोंकणीवाले, आणि गिऱ्हाईक नसलं की हातघाईवर येण्याइतकं भांडण. बाई त्यातून चालत यायच्या, पेटी गाडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खयच्या भाषेत व्हया त्या भाषेत भांडा. आधी माझ्यासारखी कंबर मोडून घेवा आणि मगे सांगा खयच्या भाषेत वराडलात." मोठ्या विषयावर चार तास घसा फोडणारे आम्ही, हातभर सीटवर चार मिनिटं बोलायला तयार नव्हतो. आठवलं की अजून संताप येतो.

शेवटी बाईंचं ते आवशीचं पालुपदच कामी आलं. कोणा पायलटची आई दवाखान्यात आली की बाई तिला सांगायच्या, घरी बसनं जाऊ नका, लेकाच्या गाडीवरून जा. म्हाताऱ्या मोठ्या हौसेनं बसायच्या. लेकाची गाडी, त्याची कमाई, आणि आपण आजवर एकदाही बसलो नाही! भाऊची आई तर देवाला निघाल्यासारखी नटून बसली. घरी पोचल्यावर तिनं भाऊला अंगणातच उभं केलं आणि असं काही झोडपलं तोंडानं, की सगळा वाडा गोळा झाला. "दिसभर लोकांच्या बायलांक असो न्हेता?" हे तिचं वाक्य स्टँडवर कित्येक दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी भाऊ गादीवाल्याच्या दारात. दिवाळीपर्यंत आठ गाड्यांना काथ्याच्या सीटा लागल्या. बाकीचे चौघे उद्यापरवा म्हणत होते.

ते सहासात महिने बाई कशा होत्या म्हणून सांगू! राग तसाच, पण त्यात जोर आला होता. एकदा हळर्णच्या चढावर त्या मागून चक्क गुणगुणत होत्या. मी आरशात बघितलं तर लगेच गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "फुडे बघ, म्हस येता."

त्याच सुमारास गोवा वेगळं राज्य झालं. मिठाई वाटली, फटाके वाजले, कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगल्या. आणि वर्षाच्या पासिंगला नवा साहेब आला. पायलटच्या गाड्या दरवर्षी मैदानावर नेऊन तपासून घ्याव्या लागत. या साहेबानं आमच्या ओळीवरून एक नजर फिरवली आणि आठही गाड्या बाजूला काढल्या. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार, म्हणाला. कंपनीची सीट लावून आणा, नाही तर परवाना विसरा.

ही बातमी बाईंना मीच सांगितली. आठवड्यानं फेरतपासणी होती. बाई रजा टाकून, बसनं, कमरेला पट्टा बांधून मैदानावर आल्या. अंगावर नर्सची पांढरी साडी, हातात स्वतःच्या कमरेचे एक्स-रे. साहेब टेबलामागं, आम्ही ओळीत, ऊन मी म्हणत होतं.

"साहेब, तुमी एकदा आडवे बसा आणि मगे ठरवा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही गाडीच्या मालक आहात का?"

"नाय. मी मागे बसणारी."

"मग तुमचं इथं काम नाही. मालक बोलेल."

"मालकाची कंबर दुखना नाय, तो काय बोलतलो? ह्या तुमच्या पुस्तकात मागे बसणाऱ्या बायलमाणसाबद्दल काय लिवलला असा ता वाचून दाखवा. राज्य नवा झाला म्हणतत, मगे पुस्तक जुना कित्याक?"

साहेबानं पुस्तक उघडलं नाही. एक्स-रे उजेडाकडं धरलेसुद्धा नाहीत. तो वाईट माणूस नव्हता, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. बसून बघायला त्याला दोन मिनिटं लागली असती. तो हसला आणि म्हणाला, "असल्या सीटवर उद्या कोणी पडलं तर जबाबदार कोण?" बाई म्हणाल्या, "आणि कंपनीच्या सीटीवयलो पडलो तर?" साहेबानं पुढच्या गाडीचा नंबर पुकारला.

बाई माझ्याकडं वळल्या. सगळ्यांकडं न बघता माझ्याकडं. मी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. त्या रविवारी पंचा गुंडाळून बसलो होतो तो मी. आडवं बसल्यावर काय होतं ते त्या मैदानावर बाईंच्या खालोखाल मला माहीत होतं. पण मी मान खाली घातली आणि मडगार्डवरची धूळ पुसत राहिलो. परवाना गेला तर घरी काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बायन आमकां बुडयलें."

त्याच दुपारी आठही गाड्यांना बरोबर आणून ठेवलेल्या कंपनीच्या सीटा परत बसल्या आणि आठही गाड्या पास झाल्या.

आता खरी चीड येते ती इथं. पासिंग झाल्यावर काथ्याची सीट परत लावता आली असती. दोन तर बोल्ट. आम्ही काय साधुसंत होतो? मोठे हॉर्न, रंगीत दिवे, चकचकीत आरसे, सगळं पासिंगच्या आदल्या दिवशी काढायचो आणि दुसऱ्या दिवशी लावायचो. वर्षानुवर्षं. त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत बाराही गाड्यांचे हॉर्न जागच्या जागी आले. सीट मात्र एकानंही परत लावली नाही. मीही नाही. मी स्वतःला सांगितलं, पकडलो गेलो तर काय! हॉर्न वाजवताना ही भीती कधी वाटली नव्हती, कारण हॉर्न आमच्यासाठी होता.

बाईंनी एका शब्दानं विचारलं नाही, याचंच मला जास्त लागलं. त्या स्टँडवर यायच्या, ज्याचा नंबर असेल त्याच्या मागं बसायच्या, जायच्या. अंगठ्यानं सीट दाबायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मैदानावरून आल्यावर जेमतेम चार महिने त्या फिरल्या. एके दिवशी वाटेत गाडी थांबवून उतरल्या आणि त्यांना परत चढता येईना. शेतावरच्या माणसांनी त्यांना बैलगाडीतून आणलं. मग त्यांना साखळी गावच्या दवाखान्यात टेबलाचं काम मिळालं.

त्यांची आमची भेट झाली ती साखळीलाच, एकदाच. एक भाडं तिकडं घेऊन गेलो होतो, म्हणून दवाखान्यात डोकावलो. बाई लाकडी खुर्चीत ताठ बसून कसलंसं रजिस्टर लिहीत होत्या. मला बघून चेहरा उजळला, हे खोटं सांगत नाही. चहा मागवला. आईची चौकशी केली. मग विचारलं, "माझ्या गावांनी आता कोण जाता?"

"कोणच जाणा नाय, बाई. जागा रिकामी असा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मगे तू हय कित्याक इलंस? जा घराक."

मी चहा तसाच टाकून उठलो. त्यानंतर त्या निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं. मी कधी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

पण मला रात्रंदिवस आठवते ती साखळीची भेट नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातला बुधवार आठवतो. हळर्णचं एक भाडं होतं, माणसाचं नाही, मालाचं. सकाळची वेळ. देवळाजवळचं वळण घेतलं आणि गाडीचा आवाज ऐकून मंडपात बसलेल्या दहाबारा बायका पटापट उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या कडेवर पोर, टोपडी घातलेली, काजळ लावलेलं. महिन्यातला लसीचा बुधवार होता. बाई येणार नाहीत हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मागच्या महिन्यातही त्या अशाच बसून गेल्या असतील. एक जण तर पोराच्या दंडावरची बाही वर सारतच पुढं आली.

माझ्या मागं कंपनीच्या सीटवर खताचं पोतं होतं. पेडण्यापासून इथवरच्या सगळ्या खड्ड्यांतून ते तसूभरही सरकलं नव्हतं. त्या बाईनं पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि पोराची बाही परत खाली केली.